गिबेटच्या उतारावरचे हिरवे पट्टे

"शनिवारी चार वाजता चहा आणि साडेचारला तुझ्या वडिलांची हकालपट्टी," फर्गस म्हणाला. "आजोबांनी स्वतःच्या हातानं कार्यक्रम लिहिलाय. चहाबरोबर काकडीची सँडविच आहेत. हकालपट्टीबरोबर काय देणार, ते काही लिहिलेलं नाही."

ब्रायनी टपेन उतारावर गुडघे टेकून बसली होती. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात सुतळी आणि तोंडात पेन्सिल होती, म्हणून फर्गस वाचला. बारा वर्षांच्या ब्रायनीची जीभ काय करू शकते, हे त्याला गेल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि त्याबद्दल दोघांनाही क्लबच्या गच्चीवरून हाकलण्यात आलं होतं.

"बावीस," पेन्सिल दातांत धरूनच ती म्हणाली. "हाही पट्टा बावीस इंचांचाच. लिही, ओटिली."

ओटिलीनं लिहिलं. ती गावातल्या डॉक्टरांची मुलगी, ब्रायनीच्याच वर्गातली. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, स्वभाव भित्रा होता, आणि खोटं बोलायची वेळ आली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठत. फर्गस ॲस्प्रे मात्र या दोघींचा मित्र वगैरे अजिबात नव्हता. तो गोल्फ क्लबच्या कॅप्टनचा नातू. उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्याचे आईवडील त्याला आजोबांच्या दारात सोडत आणि गाडी वळवताना मागे वळून बघतही नसत. तेरा वर्षांचा हा मुलगा इतका कंटाळलेला असे, की कुणाचं वाटोळं होताना दिसलं तरी त्याला बरं वाटे. ब्रायनीला 'खतराणी' हे नाव त्यानंच ठेवलं होतं. दोन दिवसांत सगळं गाव तेच म्हणू लागलं. नाव जमलं होतं, हे ब्रायनीलाही मान्य करावं लागलं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

उताराचं नाव गिबेट, म्हणजे फाशीचा खांब. फार पूर्वी इथे मेंढीचोरांना लटकवत. आता खांब नाही, चोरही नाहीत, फक्त गोल्फच्या मैदानातल्या सातव्या होलच्या मागे खडूची टेकडी तिरकी वर चढत जाते. त्या खडूवर मातीचा थर वीतभरसुद्धा नाही आणि त्या मातीत खाण्यासारखं काही नाही. तीच तिची श्रीमंती. माती उपाशी असली की गवताला दादागिरी करता येत नाही, त्यामुळे चहाच्या ट्रेएवढ्या जागेत तीस-चाळीस जातींची इवलीशी फुलं गुण्यागोविंदानं राहतात. त्यांतच पिवळी नालशेंग असते. तिच्या शेंगा घोड्याच्या नालेसारख्या, आणि तिचाच पाला खाऊन खडूनिळी फुलपाखरं वाढतात. दुसरा पाला ती तोंडात धरत नाहीत. ब्रायनीचे वडील क्लाइव्ह टपेन हे क्लबचे मुख्य माळी. एकोणीस वर्षं त्यांनी हा उतार नेमानं उपाशी ठेवला होता. दर वर्षी उन्हाळा सरला की गवत कापायचं आणि कापलेली काडी न् काडी दाताळ्यानं ओढून बाहेर न्यायची, कारण तिथेच कुजली तर तेही खतच.

यंदा ऑगस्टच्या उन्हात आजूबाजूच्या टेकड्या बिस्किटासारख्या भाजून निघाल्या होत्या, आणि गिबेट मात्र हिरवागार होता. गुडघाभर, जाड, रसरशीत गवत. त्याच्या बुडाशी नालशेंग गुदमरून पिवळी पडलेली. गेल्या वर्षी याच आठवड्यात ब्रायनीनं दोनशे बारा निळी फुलपाखरं मोजली होती. यंदा तीन. त्यातलं एक मेलेलं होतं आणि त्याला मुंग्या ओढून नेत होत्या.

दर जुलैत फुलं मोजायला येणाऱ्या डॉ. ओकाफोर बाईंनी उतार पाहिला आणि त्या दोनच वाक्यं बोलल्या. इथे कुणीतरी खत घातलंय. हे मूळ पदावर यायला पंधरा-वीस वर्षं लागतील, आलं तर. क्लबची जमीन ज्यांची होती त्यांनी दोषी कोण ते कळवा म्हणून पत्र धाडलं. खताच्या कोठाराची किल्ली एकट्या क्लाइव्ह टपेनच्या कमरेच्या पट्ट्याला असे, तेव्हा कमिटीनं फार डोकं शिणवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची त्या टेकडीला जुनीच सवय होती. फलकावर सूचना लागली. तीत खताचा उल्लेख नव्हता, 'गिबेटच्या उताराचं नुकसान' एवढंच होतं, आणि नाव ठळक अक्षरांत छापलं होतं. ब्रायनी चहाच्या खोलीत गेली तेव्हा दोन बायकांनी आपल्या खुर्च्या मुद्दाम, आवाज करत, तिच्यापासून लांब ओढल्या. नोकरीबरोबर कोठारामागचं घरही जाणार होतं. महिनाअखेरपर्यंत ते रिकामं करायचं, असं सूचनेच्या तळाशी लिहिलेलं होतं.

"आता इकडे बघ," ब्रायनी फर्गसला म्हणाली. "क्लबची खतगाडी ट्रॅक्टरला जोडतात. तिची चकती गरागरा फिरते आणि खत वीस फुटांवर उधळते. त्यानं पट्टे पडतच नाहीत. हे पट्टे ढकलत न्यायच्या छोट्या गाडीचे आहेत, घरी वापरतात तसल्या. आणि प्रत्येक पट्ट्यात डाव्या कडेपासून चार बोटांवर एक फिकट रेघ आहे. म्हणजे त्या गाडीचं एक भोक बुजलेलं आहे. हे तुझ्या आजोबांना दिसलं नाही?"

"आजोबांनी उतार गच्चीवरून पाहिला," फर्गस म्हणाला. "हातात ग्लास होता, आणि त्यांचं लक्ष ग्लासाकडे होतं."

ओटिलीनं वर बोट दाखवलं. पट्टे वरून सुरू होत होते. अगदी माथ्यावर, कुंपणाच्या फाटकाशी, एक काळपट हिरवा गोल ठिपका होता. गाडीत खत भरताना सांडलं असणार. त्या फाटकापलीकडे टॉप लेन, आणि टॉप लेनवर फक्त सहा घरं.

"त्यातलं एक आमचं," फर्गस सावकाश म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. "खतराणी, मला तुझ्या वडिलांचं काहीही पडलेलं नाही. पण जर का हे आजोबांनी केलं असेल, तर ते पकडले जाताना मला समोर बसून बघायचंय. मी तुमच्यात आहे."

ब्रायनीलाही तेच हवं होतं. कॅप्टन ॲस्प्रेंचा चेहरा चारचौघांत पांढरा पडताना तिनं रात्री उशीत तोंड खुपसून इतक्यांदा पाहिला होता, की तो तिला पाठ झाला होता.

प्रश्न होता तो सहा बागांत शिरायचं कसं. ओटिली म्हणाली, सरळ विचारू. दोघांनीही तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग फर्गसनं डोकं लढवलं. म्हाताऱ्या माणसांना जगात सगळ्यात प्रिय काय असतं? नातवंडं नव्हे, स्वतःच्या घरासमोरची हिरवळ. तिची स्तुती करणाऱ्याला ते स्वतःच्या हातानं फाटक उघडून देतात.

त्या संध्याकाळी ओटिलीच्या मोत्यासारख्या अक्षरात सहा कार्डं तयार झाली: 'टॉप लेनमधील सर्वोत्तम हिरवळ. सर्व मोजमाप मुलांकडून. बक्षीस समारंभ शनिवारी, क्लबच्या चहाच्या वेळी.' फर्गसनं ती आजोबांपुढे सहीला धरली. टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. कॅप्टन ॲस्प्रेंनी सहाच्या सहा कार्डांवर न वाचता सही ठोकली आणि दार लावून जा म्हणून सांगितलं.

बुधवारी चार बागा झाल्या. एक निवृत्त दंतवैद्य हिरवळीच्या कडा कात्रीनं कापत होते. त्यांनी तिघांना बूट काढायला लावले. त्यांची खतगाडी होती, पण अठरा इंची. एका घरातल्या नवरा-बायकोचं हिरवळीचं श्रेय कुणाचं यावरून इतकं जुंपलं, की मुलं मोजून निघून गेली तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यांच्याकडे गाडीच नव्हती, हातानं टाकायचे. चौथी बाग कॅप्टन ॲस्प्रेंची. ब्रायनीनं मोजपट्टी दोनदा लावली. गाडी बावीस इंची निघाली. फर्गसनं ती उलटी केली, सगळी भोकं बोट घालून तपासली, पुन्हा तपासली. सगळी मोकळी होती. हिरवळीवर फिकट रेघही नव्हती.

"या माणसाला एक धड गुन्हासुद्धा करता येत नाही," तो चिडून म्हणाला.

गुरुवारी सकाळी पाचवं घर झालं आणि सहावं राहिलं. तिथे जाताना ब्रायनीनं मोजपट्टी खिशात घातली होती, कारण त्या घरात मोजण्यासारखं काही असेल असं तिला वाटतच नव्हतं. ते मिस गॉडर्ड यांचं घर. सहा वर्षांपूर्वी ब्रायनीची आई घर सोडून गेली, तेव्हापासून शाळा सुटल्यावर डॅडचं काम संपेपर्यंत ती मिस गॉडर्डच्या स्वयंपाकघरात बसत आली होती. वेणी घालायला, विणायला, कुणी चिडवलं तर नाक वर करून चालायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. ऑड्री गॉडर्ड, वय अठ्ठ्याहत्तर, एक्कावन्न वर्षं क्लबच्या सभासद. मे महिन्यात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, मग काही आठवडे बहिणीकडे विश्रांती. पंधरा दिवसांपूर्वीच त्या काठी टेकत परत आल्या होत्या.

हिरवळीवर हिरवे पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यात डावीकडून चार बोटांवर एक फिकट रेघ होती.

ओटिलीनं मोजलं. बावीस. फर्गस बागेतल्या शेडमध्ये गेला आणि गाडी घेऊन बाहेर आला. एका भोकात वाळलेल्या चिखलाची गोळी घट्ट बसली होती. फळीवर खताच्या चार रिकाम्या पिशव्या, रुमालासारख्या चौकोनी घड्या घालून, एकावर एक ठेवलेल्या होत्या.

"पट्टी सरळ धरा ग," मिस गॉडर्ड खिडकीतून म्हणाल्या. "वाकडं मोजाल आणि माझं बक्षीस जायचं." मग त्या काठी टेकत दारात आल्या, ब्रायनीच्या केसांवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "क्लाइव्हचं ऐकलं, बाळा. बिचारा. चूक माणसाच्याच हातून होते. पण झालेलं कबूल करावं, म्हणजे मन हलकं होतं. सांग त्याला."

ब्रायनीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. खत घातलं यांनी, खापर फोडलं डॅडच्या डोक्यावर, आणि वर उपदेश, कबूल कर म्हणून. सहा वर्षांचं सगळं गोड खाणं तिच्या घशाशी आलं. ती वळली आणि बागेबाहेर पडली.

लेनच्या टोकाला तिघांची बैठक बसली. ओटिली म्हणाली, आत्ताच्या आत्ता तुझ्या वडिलांना सांगू. नाहीतर निदान मिस गॉडर्डना एकदा विचारून तरी बघू, त्यांनी असं का केलं ते.

"सांगितलं की काय होणार?" फर्गस म्हणाला. "आजोबा कचेरीचं दार लावून घेणार, चार माणसं कुजबुजणार, म्हातारीची इभ्रत झाकणार. आणि तुझ्या वडिलांना म्हणणार, जाऊ दे टपेन, या वेळी माफ केलं. माफ, कळलं का? जे केलंच नाही त्याबद्दल. त्यापेक्षा तिलाच पहिलं बक्षीस देऊ. स्टुलावर उभं राहून तिचं नाव मी पुकारतो. सगळ्यांसमोर तिच्याच तोंडून वदवून घेऊ."

"हे वाईट आहे," ओटिली म्हणाली. तिच्या मानेवर चट्टे उठले होते.

ब्रायनीला त्या दोन खुर्च्या आठवल्या. "सगळ्यांसमोर," ती म्हणाली.

शुक्रवार अख्खा मोकळा होता. मिस गॉडर्डचं घर तिच्या घरापासून सात मिनिटांवर, डॅड तर दिवसभर नजरेसमोर. ते भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होते आणि प्रत्येक कप गुंडाळण्याआधी क्षणभर हातात धरत होते. दोनदा ब्रायनीच्या ओठांवर आलं. दोन्ही वेळा तिनं ते गिळलं. उद्या याच वेळेला सगळ्यांची तोंडं कशी होतील, हा विचार जिभेवर गोळीसारखा घोळवत ती बसून राहिली.

शनिवारी चहाची खोली गच्च भरली. बक्षीस होतं म्हणून काही लोक आले होते, आणि हकालपट्टी होती म्हणून बाकीचे सगळे. क्लाइव्ह टपेन धुतलेला शर्ट घालून दाराशी उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. यंदाचा अहवाल वाचायला डॉ. ओकाफोर आल्या होत्या. मिस गॉडर्ड निळी टोपी घालून पहिल्या रांगेत होत्या, आणि टेबलाखाली, टेबलक्लॉथच्या आड, त्यांची खतगाडी होती. मुलांनी ती सकाळी 'प्रदर्शनासाठी' म्हणून मागून आणली होती, आणि त्यांनी ती आनंदानं पुसून दिली होती.

फर्गस स्टुलावर चढला. भाषण करायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं टॉप लेनच्या हिरवळींची तारीफ केली, दंतवैद्यांच्या कात्रीवर एक विनोद केला, लोकांना हसवलं, आणि मग मिस ऑड्री गॉडर्ड यांचं नाव पुकारलं. टाळ्या पडल्या. मिस गॉडर्डचे गाल लाल झाले. उठायला त्यांना ब्रायनीनं हात दिला, कारण तसं ठरलं होतं.

"या हिरवळीचं रहस्य काय, ते सभासदांना ऐकायचंय," फर्गस मधाळ आवाजात म्हणाला आणि त्यानं टेबलक्लॉथ उचलला. "ही बघा ती जादूची गाडी. मिस गॉडर्ड, ही जादू तुम्ही फक्त आपल्याच बागेत केलीत, की आणखी कुठे?"

ब्रायनीनं श्वास रोखला. म्हातारी आता चाचरणार, खोटं बोलणार, रडणार. पण मिस गॉडर्ड हसल्या. त्यांनी मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या क्लाइव्हकडे पाहिलं. एखादी भेटवस्तू फार दिवस लपवून ठेवल्यावर द्यायची वेळ यावी, तसे त्यांचे डोळे लकाकत होते.

"आता सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "क्लाइव्ह, रागावू नकोस हं. तुझा गिबेटही मीच केला. एप्रिलमध्ये, पाच दिवस, सकाळी सकाळी. तू तेव्हा पुढच्या ग्रीनवर गवत कापत असायचास, तुला दिसायचा प्रश्नच नव्हता. वरून खाली ढकलत आणायची आणि रिकामी गाडी ओढत वर न्यायची. खुबा गेला तो त्यातच, पण ते जाऊ दे. गेल्या वर्षीच्या त्या अहवालात तसं लिहिलं होतं ना! 'न सुधारलेली गवताळ जमीन.' इथे भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांच्या नजरेसमोर. मला इतकी लाज वाटली. म्हटलं, आता क्लाइव्हवर ठपका येणार. त्याला इतकी कामं, बिनआईची पोर पदरात. आपणच गुपचूप सुधारून टाकावं, म्हणजे पुढच्या अहवालात त्याचं नाव चांगलं येईल."

क्लाइव्ह टपेननी डोळे मिटून घेतले. डॉ. ओकाफोर बाईंचा तो अहवाल त्यांनीच भिंतीवर लावला होता, स्वतःच्या हातानं, अभिमानानं. गवताच्या शास्त्रात 'सुधारणं' म्हणजे नांगरणं, खत घालणं, फुलं मारून नुसतं गवत माजवणं. 'न सुधारलेली' हा त्या शास्त्रातला सगळ्यात मोठा मान. माणसाचा हात लागून बिघडलेली नाही, असा त्याचा अर्थ. सबंध परगण्यात असे फार थोडे तुकडे उरले होते, आणि त्यातला एक एका शब्दाच्या पायी गेला होता.

"पण मग त्या उताराचं नुकसान कशानं झालं?" मिस गॉडर्डनी काळजीनं विचारलं. "मी एवढं घालूनसुद्धा?"

म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. ब्रायनीच्या हातातला त्यांचा हात ऊबदार होता आणि ती तो सोडू शकत नव्हती. स्टुलावरून फर्गस तिच्याकडे पाहत होता.

डॉ. ओकाफोर काहीतरी हळुवार बोलायला पुढे सरकत होत्या, पण कॅप्टन ॲस्प्रेंना घाई झाली होती. आपण निरपराध माणसाला काढायला निघालो होतो, हे कुणाच्या लक्षात येण्याआधी त्यांना दुसरं कुणीतरी हवं होतं.

"तुमच्या घालण्यानंच झालं, ऑड्री," ते मोठ्यानं म्हणाले. "तुम्ही मारलात तो उतार. फुलं मेली, फुलपाखरं मेली. वीस वर्षं परत यायची नाहीत. तुमच्या-माझ्या हयातीत तर नाहीच."

मिस गॉडर्डनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी ब्रायनीकडे पाहिलं.

"खरं का ग?"

खोटं बोलायला एक क्षण होता. दाराशी डॅड होते, घरात दोरीनं बांधलेली खोकी होती, आणि पन्नास माणसं कान देऊन बसली होती.

"हो," ब्रायनी म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते ठरल्यापेक्षाही छान झालं. कॅप्टन ॲस्प्रेंनी घसा खाकरून क्लाइव्ह टपेन यांच्याबद्दल कमिटीला नेहमीच आदर वाटत आला असल्याचं जाहीर केलं. फलकावरची सूचना कुणीतरी फाडली. मग कॅप्टननी तिन्ही मुलांना पुढे बोलावलं, त्यांच्या चिकाटीची, निरीक्षणशक्तीची, निसर्गप्रेमाची तोंड भरून स्तुती केली, आणि अशी मुलं असताना खडूच्या टेकड्यांना कसलीही भीती नाही असं सांगितलं. खुर्च्या ओढणाऱ्या त्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळीच खोली उठली. क्लबमध्ये रीत अशी, की आपण हरलो तरी जिंकणाऱ्यासाठी टाळ्या वाजवायच्या. एक्कावन्न वर्षं ती रीत पाळलेल्या मिस गॉडर्डनी काठी खुर्चीला टेकवली आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या. टोपी थोडी कलली होती, ती सरळ करायचं त्यांना सुचलं नाही. बाकीचे थांबल्यावरही त्या थोडा वेळ वाजवत होत्या.

त्यांना घरी सोडायला क्लाइव्ह टपेनच गेले. ब्रायनीच्या शेजारून जाताना ते थांबले नाहीत.

ते परतले तेव्हा ऊन अजून स्वयंपाकघरात होतं. ब्रायनीनं एक खोकं सोडून कप पुन्हा फळीवर मांडले होते. डॅडनी त्या कपांकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले.

"घर राहिलं," ती म्हणाली.

"हो." ते बराच वेळ बूट सोडत राहिले. "तुला केव्हा कळलं?"

"गुरुवारी."

"गुरुवारी सकाळी?"

"हो."

"तू मला सांगितलं असतंस तर मी तिच्याकडे गेलो असतो," ते म्हणाले. "तिनं मला हेच सांगितलं असतं, असंच हसत. मग आम्ही दोघं मिळून कॅप्टनकडे गेलो असतो. ऑड्री गॉडर्ड स्वतःच्या चुकीसाठी दुसऱ्याला पाच मिनिटंसुद्धा अडकवणारी बाई नाही. घर तेव्हाही राहिलंच असतं, ब्रायनी. मग सगळ्यांसमोर कशाला?"

खरं उत्तर तिच्यापाशी होतं आणि ते तिनं दिलं. "त्यांनी आपल्याला सगळ्यांसमोर बदनाम केलं म्हणून."

"त्यांनी केलं," डॅड म्हणाले. "तिनं नाही."

सोमवारी फलकावर कमिटीचं आभाराचं पत्र लागलं. त्यात तिघांची नावं होती आणि ब्रायनीचं सगळ्यात वर. त्याखाली चार ओळींचा एक कागद होता. प्रकृतीच्या कारणास्तव मिस गॉडर्ड यांनी सभासदत्व सोडलं होतं. फर्गस तिथेच उभा होता. तो म्हणाला, "तुझं नाव वर आहे, खतराणी," पण त्याच्या आवाजात जीव नव्हता.

ब्रायनी टॉप लेननं वर गेली. मिस गॉडर्डच्या घराचं फाटक उघडून ती दाराशी पोचली. काय बोलायचं ते तिनं वाटेत तीनदा घोकलं होतं. आत रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामान सांगत होतं. तिनं बेल वाजवली. काही झालं नाही. तिनं पुन्हा वाजवली आणि हाक मारली, "मिस गॉडर्ड, मी आहे, ब्रायनी."

आतला रेडिओ बंद झाला. ब्रायनी दारासमोर उभी राहिली, पण दार उघडलं नाही.